रस्ता कंट्रोलने काढायचा नाही

आमच्या साहेबांना रस्ता विचारू नये, हे हडपसरच्या त्या कंपनीत नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कळायचं. मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी विचारला. संध्याकाळी मला विश्रांतवाडीला मावशीकडे जायचं होतं आणि साहेब त्याच बाजूला राहतात असं कुणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आपण डाव्या बाजूने चालता की उजव्या?" मग माझी बस निघून जाईपर्यंत ते रेघा ओढत बसले. कुठे रस्ता ओलांडायचा, कुठे मुळीच ओलांडायचा नाही, कुठल्या चौकात उसाचा रसवाला मध्ये येतो म्हणून त्याला वळसा कसा घालायचा, सगळं आलं. "एकदा आळंदी रस्त्याला लागलात की पुढे मोकळं आहे. वेग वाढवायला हरकत नाही," हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी तेव्हा पायी आणि बसने हिंडत असे. वेग वाढवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कंट्रोल बनवत होतो. कंट्रोल म्हणजे काय, हे मला त्या काळात लग्नकार्यात इतक्यांदा सांगावं लागलं की आताही तोंडपाठ आहे. फिरत्या कटरने धातू कोरणारं एक मशीन असतं. त्याच्या शेजारी पडदा आणि बटणं असलेली एक पेटी असते. कटर किती सरकवायचा, किती खाली उतरवायचा, हे ती पेटी मोटरींना सांगते. ती पेटी म्हणजे कंट्रोल, आणि तिच्या पोटातलं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. आता कटरने कुठून निघावं, कुठे वळावं, कुठला कोपरा आधी घ्यावा, या सगळ्या प्रवासाला धंद्यात टूलपाथ म्हणतात. साहेब सरळ रस्ता म्हणायचे. आणि रस्ता काढणं हे माणसाचं काम, यावर त्यांची श्रद्धा होती. माणसाने तो टेबलाशी बसून काढावा, ओळी ओळींनी लिहून द्यावा, आणि कंट्रोलने निमूटपणे त्यावरून चालावं.

"कंट्रोल म्हणजे पोस्टमन," ते म्हणायचे. "पत्र पोचवायचं. मजकूर सुचवायचा नाही."

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत कुणीतरी खालच्या आवाजात ते पुरं करून टाकायचं. त्यांना ते ऐकू जायचं. त्यांचा त्यावर राग नव्हता. पाठ झालं म्हणजे पोचलं, एवढाच अर्थ ते घ्यायचे.

रस्ता कसा काढायचा हे शिकवायची त्यांची स्वतःची पद्धत होती आणि ती गच्चीवर चालायची. ज्या भागाचं कोरीवकाम करायचं असेल त्याची आकृती ते गच्चीवर रांगोळीने काढत, आणि इतकी मोठी काढत की चालणाऱ्याचं पाऊल म्हणजेच कटर व्हावा. त्यासाठी आधी आपल्या चपलेची लांबी-रुंदी द्यावी लागायची. कंपनीत माझ्या चपलेचं माप जितक्या लोकांना माहीत होतं तितक्यांना माझं आडनाव माहीत नसेल. मग ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर उभे राहून हुकूम सोडत: "आपण कटर आहात. चला." आपण आपला लिहिलेला रस्ता मोठ्याने वाचत पावलाला पाऊल लावून चालायचं. "कटर वर" असं लिहिलेलं आलं की उडी मारायची. ते लिहायला विसरलो तर उडी मारायची नाही, रांगोळी पुसत पुढे जायचं, आणि साहेब वरून म्हणत, "वा. दहा हजारांचा साचा फुकट गेला. चालत राहा." 

शेजारच्या कारखान्यातली मंडळी जेवणाची सुट्टी आमच्या गच्चीकडे तोंड करून घालवायची. त्यातला एक पांढऱ्या मिशांचा फोरमन एकदा साहेबांना खालून म्हणाला, "अहो, या बाई रोज उड्या मारतात. औषध चालू आहे का काही?" साहेबांनी शांतपणे सांगितलं, "चालू आहे. गुण येत नाही."

मला त्यांचा राग यायचा आणि ते मला फार आवडायचे. दोन्ही एकाच वेळी.

घरीही हे असंच असणार असा आमचा कयास होता, आणि एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तो खरा ठरला. साहेब पोळी कडेपासून गोल गोल तोडत आत जात आणि मधला तुकडा शेवटी खात. भातात आमटीसाठी आळं करताना हात थांबवून ते थोडा विचार करत. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आम्हाला वाढता वाढता सांगितलं, "सप्तपदीच्या वेळी यांनी गुरुजींना विचारलं, पाऊल टाचेपासून धरायचं की अंगठ्यापासून. गुरुजी म्हणाले, कुठूनही धरा, पण मुहूर्त टळतोय." साहेब मान खाली घालून जेवत होते. "त्यांनी उत्तर दिलं नाही," ते म्हणाले, "अजून शंका आहे."

हडपसरजवळच्या मांजरी गावात आमच्या एका सहकाऱ्याचं ज्वारीचं रान होतं. तिथे एकदा सगळे हुरड्याला गेलो होतो, तर साहेब हुरडा सोडून बांधावर उभे राहिले आणि शेजारच्या मोकळ्या तुकड्यात नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हातवारे करू लागले. कोपऱ्यात तो दोनदा वळतो, एकदा वळून भागेल, असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक्टरवाल्याने ते पुरतं ऐकून घेतलं आणि खाली उतरला. "तुमचं बराबर हाय साहेब," तो म्हणाला, "मग तुमीच चालवा की. मी जरा हुरडा खाऊन येतो." साहेबांनी त्याला अगदी सरळपणे सांगितलं, "मला चालवता येत नाही. मला फक्त रस्ता सांगता येतो." माणूस हसला आणि परत चढला, आणि पुढच्या कोपऱ्यात तो खरंच एकदाच वळला. साहेब त्या दिवशी गाडीत गाणं गुणगुणत होते.

एवढं सगळं असताना मी कंट्रोलमध्येच रस्ता काढायची सोय लिहायला घेतली, म्हणजे माझी काय हिंमत असेल. पण माझा स्वभाव मुळात गरीब नाही, आणि दुसरं म्हणजे शमीमताई.

शमीमताईंचं कसबा पेठेत साच्यांचं दुकान होतं. पेढे, बर्फी, मोदक, मावा केक, जे काही दाबून काढायचं असेल त्याचे साचे. त्यांचे सासरे लाकडात कोरायचे. ते गेल्यावर लाकूडही गेलं, कारण मिठाईवाल्यांना आता ॲल्युमिनियमचे साचे हवे होते. शमीमताईंनी हिमतीने आमच्या कंट्रोलचं एक छोटं मशीन घेतलं. रस्ते काढून द्यायला त्यांचा पुतण्या होता. त्याच्याकडे घरी कॉम्प्युटर होता, तो रात्री बसून लिहायचा, सकाळी त्या मशीन चालवायच्या. मग पुतण्याला बंगळूरला नोकरी लागली आणि मशीनवर चादर पडली.

त्या आमच्या ऑफिसात आल्या त्या सरळ साहेबांसमोरच बसल्या. हातात पिशवी, पिशवीत एक लाकडी साचा, मध्यात एक पाकळी उभी असलेली कोयरी.

"साहेब, मला ही कोयरी बर्फीसाठी हवीय. दिवाळीच्या आधी. तीन दुकानांनी सांगून ठेवलंय. मशीन दुकानात, मी दुकानात, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतो. काय बोलायचं त्याच्याशी?"

"रस्ता लिहून द्यायचा," साहेब म्हणाले. "आम्ही शिकवू. सहा आठवड्यांचा वर्ग आहे."

"मी सकाळी दुकान उघडते, दुपारी ऑर्डरी पोचवते, संध्याकाळी सासूबाईंचे पाय चेपते. वर्ग कधी करू?" त्यांनी कोयरी टेबलावर ठेवली. "मी त्याला सांगते, ही कड, इतकी खोली, हा कटर. बाकीचं त्याने बघावं. तेवढंही होत नसेल तर दिवाळीनंतर मशीन विकते आणि दुकानाला कुलूप घालते. माझा राग नाही, साहेब. पण मग सांगून टाका."

त्या गेल्यावर मी साहेबांना सांगितलं की हे करता येईल. कड, खोली आणि कटर एवढं घेऊन कंट्रोल आतली जागा कोरायचा रस्ता स्वतः काढू शकेल. ती सोय मी बरीचशी लिहिलीही होती.

"आपण लिहिलीत म्हणजे रस्ता आपण काढला," साहेब म्हणाले. "त्या बाईंनी नाही, कंट्रोलनेही नाही. आपण इथे हडपसरला बसून कसब्यातल्या प्रत्येक साच्याचा रस्ता काढणार, तो साचा न बघता."

"पण ज्यांच्याकडे रस्ता काढायला कुणी नाही त्यांनी काय करायचं?"

"शिकायचं."

"सगळ्यांना शिकायला वेळ नसतो, सर."

"मग उद्या कटर मोडला की फोन कुणाला येईल? पोस्टमनला. आणि पोस्टमन म्हणेल, मजकूर माझाच होता." ते चष्मा काढून डोळे चोळू लागले. "शिवाय कंट्रोलची बुद्धी केवढी? एका हाताने मोटरी सांभाळायच्या, दुसऱ्या हाताने विचार करायचा. चालताना विचार करणारी माणसं खड्ड्यात पडतात."

यातलं काहीच खोटं नव्हतं, हाच त्रास होता. तेव्हाच्या कंट्रोलचा वेग खरंच बेताचा होता आणि मोडलेल्या कटरचे फोन खरंच आम्हालाच यायचे. मी म्हटलं की कंट्रोल आधी रस्ता काढेल, मग चालेल, दोन्ही एकदम करणार नाही. साहेब म्हणाले, बघू. "बघू" म्हणजे त्यांच्या भाषेत नाही. पण माझं तोंड बघून म्हणा किंवा टेबलावर राहिलेली ती कोयरी बघून म्हणा, दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं: कंट्रोलने काढलेला रस्ता गच्चीवर चालून बघायचा. रांगोळी पुसली गेली तर विषय संपला. शमीमताईंनाही बोलवा, त्यांच्यासमोरच होऊ दे.

गच्चीवर कोयरी उतरली. नेहमीप्रमाणे ती माझ्या चपलेच्या मापाने काढलेली होती, कारण चालायची मीच. मध्ये पाकळी, आणि टोकाशी पाकळी व कड यांच्यामधून जेमतेम एक चप्पल जाईल एवढी वाट. मी कागद घेऊन उभी राहिले, तेवढ्यात साहेबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"स्वतःच्या रस्त्यावर स्वतः चालणं म्हणजे पक्षपात," ते म्हणाले. "मी चालतो."

कठड्यावर आमचे सगळे सहकारी, पलीकडे मिशावाला फोरमन आणि त्याची फौज, जिन्याच्या तोंडाशी शमीमताई. साहेब निघाले. मोठ्याने वाचत, पावलाला पाऊल लावत, कुठेही घाई नाही. कोयरीचं पोट छान झालं. वळण झालं. मग टोकाची वाट आली आणि साहेबांच्या चपलेने पाकळीची एक बाजू साफ पुसून टाकली.

ते थांबले. खाली बघितलं. चेहऱ्यावर विजय नव्हता, उलट थोडी निराशाच दिसली, आणि ती मला आजही समजून घ्यावीशी वाटते. "साचा गेला," ते म्हणाले.

मी तो रस्ता कितीदा तपासला होता. शमीमताईंनी पदर नीट केला आणि पिशवी उचलली. मग जिन्याकडे वळता वळता त्यांची नजर गच्चीवरच्या त्या पुसलेल्या पाकळीवर गेली आणि त्यांना राहवलं नाही.

"साहेब, एक बोलू? रांगोळीवर कुणी चप्पल घालून चालतं का? इतकी सुंदर काढलेली. काढा आधी ती."

त्यांचा हेतू एवढाच होता. कसब्यात त्यांच्या दारासमोर शेजारणी रोज रांगोळी काढत आणि तिच्यावर पाय टाकणाऱ्याला शमीमताई दटावत. साहेब ओशाळले, "हो हो, चुकलं," म्हणून वाकून चप्पल काढू लागले आणि वाकलेले तसेच राहिले. मग त्यांनी ती चप्पल हातात घेऊन उलटसुलट केली. साहेबांच्या चपला प्रचंड होत्या. बोटं मोकळी राहायला हवीत म्हणून ते नेहमी मोठ्याच घेत.

"रांगोळी कुणाच्या मापाची?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्या."

"आणि चाललं कोण?"

कटर बदलायचा आणि कटरचा आकडा बदलायला विसरायचं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात बाळबोध चूक. नव्या मुलांनी ती केली की साहेब त्यांना आठवडाभर नावाने न बोलवता "कटरराव" म्हणत. साहेबांनी चपला बाजूला ठेवल्या, माझ्याकडून रांगोळी मागून घेतली, पाकळी पुन्हा भरली आणि अनवाणी पहिल्यापासून चालायला लागले. त्यांची पावलं मुळात बारीक होती. टोकाच्या वाटेतून ते अंग चोरून गेले आणि रांगोळीचा कणही हलला नाही.

"कटरराव मी आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पलीकडून फोरमनने टाळी वाजवली. "गुण आला की हो," तो म्हणाला.

पण साहेबांनी एक अट घातली, आणि त्या अटीवरून आमचं पुन्हा वाजलं. कंट्रोलने रस्ता काढावा, मान्य. तो पडद्यावर दाखवावा. आणि निघायच्या आधी विचारावं, मराठीत, "हा रस्ता चालेल का?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. नाहीचं बटण दाबलं तर कुठून सुरुवात करायची ते माणसाने बोटाने दाखवावं आणि कंट्रोलने नव्याने काढावा.

मी म्हटलं, सर, नाही कोण म्हणणार? ज्यांना रस्ता काढता येत नाही त्या लोकांसाठीच तर आपण हे करतोय. कंट्रोल म्हणेल त्याला ते हो म्हणतील. मग ते बटण लिहिण्यात माझे दिवस कशाला घालवायचे?

"तेच मला बघायचंय," साहेब म्हणाले. "सगळे नुसते होच म्हणणार असतील तर हे काढून टाकू. अख्खी सोयच."

म्हणजे शमीमताईंचं मशीन चालणार की नाही ते अजून ठरलंच नव्हतं. मी धुसफुसत देवनागरी अक्षरं एकेक ठिपका लावून बसवली. नाहीचं बटणही बसवलं. दिवाळी जवळ आली होती.

कसब्यातल्या त्या गल्लीत आम्ही दोघं चालत गेलो. स्कूटर लांब लावावी लागली. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन होतं, चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली. शमीमताईंनी ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवून तयार ठेवला होता. दारात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, आणि मिठाईच्या दुकानातून आलेला एक गृहस्थ उभ्या उभ्या चहा पीत होता. मी कंट्रोलमध्ये नवं सॉफ्टवेअर घातलं. शमीमताईंनी स्वतःच्या हाताने कोयरीची कड दिली, खोली दिली, कटर दिला. कंट्रोलने आकडेमोड केली. मग पडद्यावर हिरव्या रेघेने रस्ता उमटला आणि खाली प्रश्न आला: हा रस्ता चालेल का?

साहेब माझ्या पुढे उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, आणि ते बांधलेले हात एकमेकांना घट्ट धरून होते, ते मला मागून दिसत होतं. मी मनात म्हणत होते, शमीमताई, काहीही करा.

शमीमताई पडद्याजवळ वाकल्या. रेघेवरून बोट फिरवलं. "हे पोटातून सुरू करतंय," त्या म्हणाल्या.

"हो," मी घाईने म्हटलं, "काही बिघडत नाही त्याने. साचा तसाच येतो."

"येत असेल." त्यांनी बोट उचललं आणि नाहीचं बटण दाबलं. "आमच्याकडे टोकापासून सुरू करतात."

"का बरं?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळाच येत होता.

"का म्हणजे? अब्बा, माझे सासरे, टोकापासून करायचे. त्यांचे वडीलही. कारण काही नाही, असंच." त्यांनी पडद्यावर कोयरीचं टोक दाखवलं. हिरवी रेघ पुसली गेली, नवी उमटली, टोकापासून निघालेली, आणि कंट्रोलने पुन्हा विचारलं, हा रस्ता चालेल का?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतका खूश झालेला माणूस मी ऑफिसात कधी बघितला नव्हता. "काही फरक पडत नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"काहीच नाही, सर."

"काही फरक पडत नसताना नाही म्हणाल्या." त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग ते शमीमताईंशी बोलू लागले, जरा जास्तच, म्हाताऱ्या माणसासारखं. "खरं सांगतो बाई, मला भीती वाटत होती. एकदा यंत्र रस्ता काढायला लागलं की माणसाला कुणी काही विचारणारच नाही, असं मला वाटायचं. पोस्टमन वगैरे सगळं त्यासाठीच. इतकी वर्षं मी त्याच भीतीने..."

"विचारलं की त्याने," शमीमताई म्हणाल्या. "दोनदा विचारलं. आता जरा बाजूला व्हा साहेब, उजेड अडतोय." आणि त्यांनी हो दाबलं.